संगणकातला पाटकरी

पहाटे अकोले तालुक्यातल्या एखाद्या दूध संकलन केंद्रावर जाऊन पाहा. कॅन काट्यावर चढतो आणि वजनाचा आकडा आपोआप संगणकावर उमटतो. हिशेबाच्या प्रोग्रॅमला काट्यातल्या तारा, चिप यांतले काही कळत नाही. मग आकडा येतो कसा?

कालव्याचे उदाहरण घेऊ. शेतकरी पाण्यासाठी नमुना नंबर सातचा अर्ज भरतो. दरवाजा मात्र तो फिरवत नाही. ते काम पाटकऱ्याचे. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, हे आपले पाटबंधारे खाते. आणि एकेका उपकरणाची खोड जाणणारा ‘ड्रायव्हर’ हा पाटकरी. प्रोग्रॅमचे अर्ज मोजकेच असतात: उघड, वाच, लिही, बंद कर. युनिक्सची ही पद्धत १९९१ साली आलेल्या लिनक्सनेही उचलली. तिथे यूएसबीला जोडलेला काटा प्रोग्रॅमला साध्या फाइलीसारखा दिसतो.

कर्नलमधल्या ड्रायव्हरच्या हाती साऱ्या किल्ल्या असतात. त्याची चूक सगळा संगणक बंद पाडते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सदोष अपडेटमुळे तिचा कर्नलमधला ड्रायव्हर कोसळला आणि जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले.

दुसरी अडचण जुन्या उपकरणांची. लिनक्समध्ये प्रोग्रॅमने भरायचा अर्ज सहसा बदलत नाही. पण कर्नल आणि ड्रायव्हर यांच्यातला आतला व्यवहार सतत बदलतो. ड्रायव्हर कर्नलच्या खुल्या संग्रहात असेल, तर बदल करणाराच त्याचीही दुरुस्ती करतो. तो कंपनीच्या कपाटात बंद असेल, तर सारे कंपनीच्या मर्जीवर. काट्याची सिरियल केबल यूएसबीला जोडणाऱ्या पीएल-२३०३ चिपचेच पाहा. तिच्या जुन्या आवृत्त्यांना कंपनीने विंडोज ८ पासून पुढे आधार दिला नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये मात्र त्यांचा ड्रायव्हर आहे. चिप बिघडलेली नव्हती, पाटकरी तेवढा निघून गेला होता.

म्हणून नवा संगणक घेताना किमतीआधी एक प्रश्न विचारा: आमच्या जुन्या काट्याचा ड्रायव्हर यावर चालेल ना? नाहीतर चांगला काटा भंगारात जायचा आणि दुधाची नोंद पुन्हा वहीत करावी लागायची.