पडवीसाठी खांब व तुळयांची निवड

मावळ तालुक्यातील शेतकऱ्याच्या घरास पडवी ही शोभेची नव्हे, तर नित्य गरजेची वस्तू आहे. भाताचा पेंढा, जळण, अवजारे आणि पुष्कळदा जनावरेही पावसाळ्याचे चार महिने तिच्याच आश्रयास असतात. लोणावळ्याच्या बाजूस वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा प्रदेशात पडवी स्वतः उभारणाऱ्याने ‘कोणते लाकूड टिकाऊ?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘त्या लाकडास पाणी कोठे लागणार?’ हेही पाहणे तितकेच अगत्याचे आहे.

लाकूड का कुजते?

लाकूड कुजविते ती बुरशी. लाकडातील ओल वीस टक्क्यांच्या आत राहिली तर तिची वाढ होत नाही. कार्ले येथील चैत्यगृहाच्या कमानदार छतास बसविलेल्या सागवानी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षांनंतरही शिल्लक आहेत. बाहेर मावळचा मुसळधार पाऊस पडत असता त्या खडकाच्या पोटात कोरड्या राहिल्या आहेत. उलट, जमिनीत अर्धवट पुरलेल्या नमुन्यांवरून लाकडाचे वर्गीकरण करतात, तेव्हा सरासरी १२० महिने टिकणारे लाकूड पहिल्या वर्गात, ६० ते १२० महिने टिकणारे दुसऱ्या वर्गात आणि त्याहून कमी टिकणारे तिसऱ्या वर्गात धरले जाते. लाकूड जमिनीत पुरले म्हणजे त्याचे आयुष्य असे महिन्यांत मोजावे लागते. जमिनीलगतच्या वीतभर भागात ओल व हवा ही दोन्ही मिळतात. म्हणून खांब प्रथम तेथेच कुजतो.

खांबाचे लाकूड

सागाच्या गाभ्याचे लाकूड पहिल्या वर्गातील होय. आंबा व सावर यांची लाकडे अल्पकाळ टिकणारी असल्याने ती खांबास वापरू नयेत. ऐन, किंजळ, जांभूळ ही सह्याद्रीच्या परिसरातील माहितीची इमारती लाकडे होत. मात्र जात कोणतीही असो, सालीलगतचे पांढरट लाकूड टिकत नाही. सागही त्यास अपवाद नाही. कोवळ्या सागाच्या बारीक वाशात गाभा थोडा आणि पांढरट भाग फार असतो. म्हणून खांब विकत घेताना त्याचे कापलेले टोक पाहावे व गाभा किती आहे हे ताडून घ्यावे.

जुन्या घराचे लाकूड चांगले सुकलेले असते, पण ते पारखून घ्यावे. हातोडीने ठोकल्यास निरोगी लाकूड खणखणीत वाजते, पोखरलेले बद्द वाजते. अणकुचीदार सळई सहज आत शिरत असेल तर तो भाग कापून टाकावा.

तुळईची पारख

तुळईचे बळ तिच्या रुंदीपेक्षा उंचीवर अधिक अवलंबून असते. १० × १५ सेंटिमीटरची तुळई आडवी न ठेवता उभी बसविली तर तीच दीडपट ओझे पेलते आणि सव्वादोन पटींनी कमी वाकते. याउलट दोन खांबांमधील गाळा दुप्पट केल्यास, दर मीटरमागे ओझे तेवढेच असतानाही, वाक सोळापट होतो. यास्तव जाड तुळई शोधण्यापेक्षा मध्ये एक खांब वाढविणे बहुधा स्वस्त पडते. साध्या पडवीत गाळा अडीच मीटरच्या आत ठेवणे श्रेयस्कर.

रिपांसह मंगलोरी कौलांचे ओझे दर चौरस मीटरला सुमारे ६५ किलो भरते. म्हणून तुळईच्या मध्यभागी, विशेषतः खालच्या अंगास, मोठी गाठ किंवा जुन्या सांध्याचे भोक नसावे. धागे तिरपे गेलेले लाकूडही टाळावे.

सुकवणे व संरक्षण

ओले लाकूड बसविल्यास ते सुकताना पिळवटते आणि सांधे ढिले होतात. कापलेले लाकूड जमिनीपासून उंच, मध्ये पट्ट्या घालून, सावलीत रचावे व त्यास निदान एक उन्हाळा मिळू द्यावा. ओल्या लाकडास डांबर फासू नये. आतील ओल आतच कोंडली जाते. टाकणखार व बोरिक आम्ल यांचे द्रावण कीड व बुरशी यांस आळा घालते, परंतु पावसाने ते धुऊन जाते. यासाठी ते छपराखालील वासे व बांबू यांनाच उपयोगी आहे.

खांब बसविणे

खांब जमिनीत न पुरता जोत्यावर वीतभर उंच दगडी तळखड्यावर उभा करावा. तळखड्याचा माथा किंचित उतरता ठेवावा, म्हणजे पाणी साचत नाही. छपराची वळचण खांबापुढे पुरेशी काढावी, म्हणजे पागोळ्यांचे पाणी बुडाशी पडत नाही.

मात्र न पुरलेला खांब वाऱ्यास सहज हलतो, हे विसरू नये. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळाने मावळातही घरांची छपरे उडविली. उघड्या पडवीत वारा खालून शिरून छप्पर वर उचलतो. हलक्या पत्र्यास हा धोका अधिक. यास्तव खांब काँक्रीटमध्ये रोवलेल्या लोखंडी पट्टीस बोल्टने जखडावा. खांब व तुळई यांच्या कोनात तिरपे आधार द्यावेत आणि वासे तुळईस नुसत्या खिळ्यांनी न ठोकता पट्टीने बांधावेत.

तोडीपूर्वी परवानगी

साग, ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा इत्यादी झाडे स्वतःच्या शेतातील असली तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये ती तोडण्यास परवानगी लागते. कुऱ्हाड लावण्यापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी गावातील जुन्या पडव्यांचे खांब बुडाशी सळईने तपासण्याची सवय शेतकऱ्यांना लावावी. कुजलेले बूड वैशाखात सापडले तर एक खांब बदलून भागते. श्रावणात सापडले तर त्याखालील जनावरांवर बेतते.