खिरीची बादली आणि चिकट जिवाणू

वैशाख पौर्णिमेला आपल्या विहारांतून खीर वाटली जाते. भगिनी तांदूळ निवडतात, दूध पारखून घेतात, वेलदोडे कुटतात. बादल्या आणि ओगराळी यांच्याकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही. ती धुतलेली असतात, तेवढे पुरते. आम्ही काही वर्षे अशा सार्वजनिक भांड्यांची मोजदाद आणि देखरेख करीत आहोत, म्हणून त्यांच्याविषयीच थोडे लिहितो.

कोणी म्हणेल, खीर तर चांगली रटरटा उकळते, मग जंतू राहतील कसे? शंका रास्त आहे. शिजवायच्या पातेल्यातले बहुतेक जंतू उकळीने मरतात. पण खीर पातेल्यातून बादलीत येते, बादलीतून ओगराळ्याने द्रोणात पडते. बादली, ओगराळे, झाकण, पाण्याच्या पिंपाचा नळ यांना विस्तव कधी लागतच नाही. आणि मग ती कोमट खीर वैशाखाच्या उन्हात दोन-तीन तास उभी असते. जंतूंना याहून चांगली सोय कोणती?

धुतलेल्या बादलीच्या काठाच्या वळणाखाली, कड्यांच्या रिव्हेटजवळ बोट फिरवून पाहा. बोट किंचित घसरते. ही बुळबुळ नुसत्या तुपाची असेलच असे नाही. सकाळी उठल्यावर दातांवर जिभेला जो थर लागतो, त्याच प्रकारची ती वस्तू असू शकते. हॉलंडच्या लेवेनहुकने १६८३ साली दातांवरचा मळ भिंगाखाली पाहिला, तेव्हा त्यात त्याला वळवळणारे जीव दिसले होते. जिवाणू सुटे पोहतात त्यापेक्षा पृष्ठभागाला चिकटून, वस्ती करून राहणेच अधिक पसंत करतात, ही गोष्ट कॅनडातील बिल कॉस्टरटन आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली ठासून मांडली. या वस्तीला शास्त्रज्ञ बायोफिल्म म्हणतात.

ती जमते कशी? दुधातील प्रथिने आणि स्निग्धांश यांचा डोळ्यांना न दिसणारा लेप आधी स्टीलवर बसतो. त्यावर जिवाणू टेकतो. सुरुवातीला तो सैल असतो, घासले की निघतो. काही तास गेले की अंगातून चिकट पदार्थ सोडून स्वतःभोवती भिंत उभारतो आणि आत त्याचा वंश वाढू लागतो. मग वरून कितीही औषध ओता, ते वरच्या थरातच खर्ची पडते. म्हणून पंगत उठल्यावर खरकट्या बादल्या ‘सकाळी बघू’ म्हणून मोरीत ठेवून देणे आम्हांला मुळीच मान्य नाही. (घासायला नेहमी त्याच चार बायका बसतात आणि पुरुष मंडळी सतरंज्या गुंडाळून घरी जातात, हेही एकदा बोललेच पाहिजे.)

हा प्रकार किती महागात पडतो, ते अमेरिकेत दिसले. २०११ साली कोलोरॅडो राज्यातील एका शेतावरची खरबुजे खाऊन १४७ माणसे आजारी पडली आणि ३३ दगावली. तपासणीत लिस्टेरिया नावाचा जिवाणू खरबुजे धुण्या-वाळवण्याच्या यंत्रांवरच सापडला. ती यंत्रे पूर्वी बटाट्यांसाठी वापरलेली होती, नीट साफ करता येतील अशी त्यांची रचना नव्हती आणि खाली जमिनीवर पाणी साचत होते. फळ धुणारे यंत्रच अस्वच्छ!

उपाय खर्चाचा नाही, पण क्रम चुकता कामा नये. आधी गरम पाणी आणि साबण घेऊन घासणे, मग खळखळून धुणे, जंतुनाशक त्यानंतर. खरकट्यावर ब्लीच ओतले तर त्यातील क्लोरीन खरकट्याशीच झटून संपून जाते. आपल्याकडे मिळणाऱ्या सुमारे चार टक्क्यांच्या साध्या ब्लीचचा एक चहाचा चमचा एक लिटर थंड पाण्याला पुरतो. दोन मिनिटे भांडे त्याने ओले ठेवावे, मग स्वच्छ पाण्याने विसळावे. संडास साफ करायचे ॲसिड आणि ब्लीच चुकूनही एकत्र करू नये, विषारी वायू निघतो. अॅल्युमिनियमला ब्लीच चालत नाही, तेथे उकळते पाणी वापरावे.

तारेच्या घासणीने स्टील चकाकते खरे, पण त्यावर बारीक ओरखडे पडतात आणि त्यांत मळ धरून राहतो. नारळाची शेंडी बरी. भाजी चिरण्याच्या प्लॅस्टिकच्या फळीवर सुरीचे चरे पडले की ती हाताने साफ होणे कठीण, हे डीन क्लायव्हर यांनी अमेरिकेत १९९० च्या दशकात दाखवले. लाकडी फळीवरचे जिवाणू मात्र लाकूड शोषून घेते आणि ते पुष्कळसे आतच मरतात, असे त्यांना आढळले. चरे पडलेली फळी सरळ टाकून द्यावी. घटपर्णी या किडे खाणाऱ्या वनस्पतीच्या निसरड्या भिंतीवरून हार्वर्ड विद्यापीठात २०११ साली एक निसरडा पृष्ठभाग तयार झाला, त्यावर जिवाणूंना पाय रोवता येत नाही. आपल्या बादल्यांपर्यंत तो येईल तेव्हा येवो.

तूर्त बादल्या एकात एक घालून ठेवू नका. मधले पाणी आठवडाभर सुकत नाही. पालथ्या, पण काठाखाली लाकडी पट्टी देऊन ठेवा, म्हणजे वारा लागेल. कोरड्या भांड्यातला प्रत्येक जंतू मरतो असे नाही, पण त्याची वाढ थांबते. आणि पुसायचे फडके ओले, मळके असेल तर पुसण्यापेक्षा न पुसलेलेच बरे.