वंशावळीतल्या नोंदीचा पत्ता

वंशावळीत 'नाशिकच्या वहीत नोंद आहे' एवढे लिहून भागत नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या आहेत. म्हणून उपाध्यायांचे घराणे, वहीची खूण, पान, नोंदीची तिथी व शक, नोंद कोणी सांगितली आणि आपण ती कधी पाहिली, हे सारे टिपावे. मजकूर मोडीत असेल तर लिप्यंतर कोणाचे, तेही. शकात ७८ मिळवून इसवी सन काढलात तरी मूळ शक गाळू नका. माघ-फाल्गुनातल्या नोंदीला ७९ मिळवावे लागतात. माहिती छापील कुलवृत्तान्तातली असेल तर त्याचेच नाव द्यावे, वहीचे नव्हे. यात्रेकरूने सांगितलेले स्वतःच्या वडिलांचे नाव भरवशाचे. खापरपणजोबांचे मात्र ऐकीव, म्हणून तसा शेरा जरूर मारावा.