खळ चढवणं सोपं, उतरवणं अवघड

भिवंडीतल्या नारपोलीच्या सायझिंगमध्ये सुती ताण्याला गरम खळ चढते. सूत खळीच्या हौदातून निघतं, वाफेच्या सिलिंडरांवर वाळतं आणि बीमवर गुंडाळलं जातं. खळ नसेल तर मागावर धागे पटापट तुटतात. कापड विणून झालं की मात्र तीच खळ नकोशी होते, कारण तिच्यामुळे कापडावर रंग धड चढत नाही. मग प्रोसेस हाऊसमध्ये अमायलेज हे एन्झाइम स्टार्चच्या साखळ्या तोडतं आणि कापड धुऊन निघतं.

शेल वायूच्या विहिरीत हाच पेच पडतो, फक्त तिथे धुवायला कुणी उतरू शकत नाही. शेल म्हणजे गाळ थरावर थर साचून झालेला खडक. त्यात वायू असतो, पण त्याला वाहायला वाट नसते. म्हणून विहीर खोल नेऊन आडवी वळवतात आणि टप्प्याटप्प्याने, प्रचंड दाबाच्या पाण्याने खडकाला भेगा पाडतात. भेगा पुन्हा मिटू नयेत म्हणून पाण्याबरोबर वाळू धाडतात. ती वाटेतच बसू नये यासाठी पाणी दाट करायचं ते गवारीच्या बियांच्या गमने. जगातली बहुतेक गवार भारतात, त्यातही राजस्थानात पिकते. अमेरिकी विहिरींच्या मागणीने २०१२ साली तिचे भाव इतके भडकले की वायदेबाजारातले व्यवहार थांबवावे लागले.

गमात बोरेट मिसळलं की घट्ट जेल होतं. वाळू जागेवर पोचली की ते मोडायला ‘ब्रेकर’ लागतो: एन्झाइम किंवा अमोनियम परसल्फेट. साध्या एन्झाइमांना खोलवरची उष्णता सोसत नाही. परसल्फेट तिथे घाई करतं आणि वाळू पोचण्याआधीच जेल पातळ होतं, म्हणून त्याच्या दाण्यांना आवरण चढवतात. एवढं करूनही गमचा न विरघळणारा चोथा उरतो आणि वाळूच्या कणांमधल्या फटी बुजवतो. वायूसाठी केलेली वाट द्रवच अडवून बसतो.

यावर उपाय तीन दिशांनी चालले आहेत. पहिला, गमवर रासायनिक प्रक्रिया करून चोथा कमी करणं. दुसरा, ‘स्लिकवॉटर’: पाण्यात नाममात्र पॉलिअ‍ॅक्रिलामाइड घालून घर्षण घटवायचं आणि वाळू वेगाच्या जोरावर न्यायची. यात चोथा कमी, पण पाणी अफाट लागतं. तिसरा, साबणाच्या जातीची रसायनं. त्यांचे रेणू एकमेकांना धरून लांब धागे बनवतात, तेलाशी गाठ पडली की सुटे होतात आणि मागे घन काही ठेवत नाहीत. ती महाग पडतात. शिवाय शेलमधली चिकणमाती पाण्याने फुगते, तिला आवरायला पोटॅशियम क्लोराइड घालतात.

सरकारी तेल कंपनी ओएनजीसीला जानेवारी २०११मध्ये दुर्गापूरजवळ इच्छापूरला शेल वायू मिळाला. व्यापारी उत्पादन मात्र उभं राहिलेलं नाही. तिची उत्पादन-तंत्रज्ञान संस्था पनवेलला, भिवंडीपासून फार दूर नाही. भेगा पाडणारा द्रव पारखताना तो किती वाळू नेतो हे पाहून भागत नाही. तो निघून गेल्यावर वाळूच्या थरातून वायू पूर्वीच्या किती टक्के वाहतो, हा आकडा मोजावा लागतो. द्रवाची खरी किंमत त्यावरच ठरते.