पुण्याची पेठरचना व पारंपरिक विश्वकल्पना
विश्वाच्या रचनेविषयीच्या धार्मिक कल्पना वस्तीच्या मांडणीत उतरविण्याची प्रथा अनेक संस्कृतींत आढळते. इंडोनेशियातील बाली बेटावर तिचे रूप विशेष स्पष्ट आहे. तेथे पर्वताची दिशा पवित्र व समुद्राची दिशा त्या मानाने अपवित्र मानतात. त्यानुसार गावाच्या पर्वताकडील टोकास उगममंदिर, मध्यभागी ग्राममंदिर व समुद्राकडील टोकास स्मशानालगत मृत्युमंदिर असते. आठ दिशा व मध्य यांस स्वतंत्र देवता नेमलेल्या आहेत : उत्तरेस विष्णू, पूर्वेस ईश्वर, दक्षिणेस ब्रह्मा, पश्चिमेस महादेव व मध्यभागी शिव.

पुण्याच्या जुन्या भागातील सात पेठांना सात वारांची नावे आहेत. वारांचे अधिपती ग्रह असल्याने या पेठांमागेही एखादे ग्रहमंडल असावे, असे वाटण्याचा संभव आहे. तथापि प्रत्यक्ष मांडणी तसे दर्शवीत नाही. नवग्रहमंडलात मध्ये सूर्य, पूर्वेस शुक्र, दक्षिणेस मंगळ, पश्चिमेस शनी व उत्तरेस गुरू यांची स्थापना करतात. कसब्याच्या संदर्भात पाहता शनिवार पेठ पश्चिमेस आहे, एवढेच साम्य आढळते. मंगळवार पेठ ईशान्येकडे, तर शुक्रवार व गुरुवार पेठा दक्षिणेच्या बाजूस आहेत. शिवाय ही नावे मूळची नाहीत. रविवार पेठ पूर्वी मलकापूर, शुक्रवार पेठ विसापूर, तर गुरुवार पेठ वेताळ पेठ म्हणून ओळखली जाई. सदाशिव, नारायण व नाना या पेठांची नावे तर पेशवाईतील व्यक्तींवरून पडली.

पुण्याचा विस्तार मुख्यतः भूमी, पाणी व व्यापार यांनी ठरविला. पश्चिमेस व उत्तरेस मुठा नदी असल्याने वस्ती दक्षिणेकडे आणि नागझरी ओलांडून पूर्वेकडे पसरली. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत (१७४०–६१) कात्रजहून नळाने पाणी आणून ते हौदांत खेळविल्यामुळे नदीपासून दूरच्या पेठाही वसू शकल्या. स्मशानाचे स्थानही नदीनेच ठरविले. शास्त्रपरंपरेत दक्षिण ही यमाची दिशा. पुण्यात मात्र ओंकारेश्वर मंदिराजवळचा दहनघाट वस्तीच्या वायव्येस मुठेकाठी होता.

याचा अर्थ धर्मकल्पनांचा प्रभाव नव्हता, असा नाही. तो आराखड्यापेक्षा विधी व दैवते यांतून व्यक्त झाला. सु. १६३० मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त करून तेथे गाढवांचा नांगर फिरविला व पहार ठोकली, आणि पुढे जिजाबाईंनी बालशिवाजींच्या हस्ते सोन्याच्या फाळाचा नांगर धरवून ती भूमी पुन्हा वसविली, असे परंपरा सांगते. वस्ती होण्यापूर्वी भूमीची अशुभता दूर करणे आवश्यक आहे, ही कल्पना या कथेच्या मुळाशी आहे. कसबा गणपती हे ग्रामदैवत व तांबडी जोगेश्वरी ही ग्रामदेवता गावाची रक्षणकर्ती मानली जातात. नगराला अनुल्लंघनीय भौमितिक चौकट नव्हती. त्यामुळे नव्या पेठा जोडताना जुनी पवित्र रचना मोडावी लागली नाही.

वास्तुशास्त्राचा विचार नगरापेक्षा वाड्याच्या व मंदिराच्या पातळीवर अधिक दिसतो. शनिवारवाड्याचे बांधकाम १७३० मध्ये सुरू झाले व १७३२ मध्ये वास्तुशांती झाली. त्याचा मुख्य दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख आहे. पर्वतीवरील देवदेवेश्वराचे मंदिर पंचायतन पद्धतीचे असून मध्ये शिव व चार कोपऱ्यांत इतर देवता आहेत. बालीत गावालाही लागू होणारा मध्य व दिशा यांचा नियम पुण्यात असा मंदिराच्या आवारापुरता दिसतो. म्हणून जुन्या पुण्याचा अभ्यास व जतन करताना एखादे पूर्वनियोजित मंडल शोधण्यापेक्षा ग्रामदैवते, ओढे, हौद व पेठांच्या सीमा यांचा परस्परसंबंध लक्षात घेणे अधिक उपयुक्त ठरते.