विश्लेषण : घरच्या वर्कशॉपसाठी कोणते वेल्डिंग योग्य? रॉड, मिग की टिग?

खांद्याला अडकवून नेता येईल एवढे छोटे वेल्डिंग मशीन आता ऑनलाइनही सहज मिळते. त्यामुळे कुंड्यांचे स्टँड, पुस्तकांचे रॅक, गोठ्याचे फाटक अशी कामे घरीच करण्याचा विचार अनेक जण करतात. मात्र मशीनवर छापलेला आकडा पाहून केलेली खरेदी बहुतेकदा चुकते. धातू किती जाड आहे, काम उघड्यावर होणार की आडोशाला आणि घरचे वीजजोड किती भार पेलते, या तीन गोष्टींवर निवड ठरते.

वेल्डिंगच्या पद्धतींत नेमका फरक काय?

सर्व पद्धतींत विजेची ठिणगी, म्हणजे आर्क, धातू वितळवते आणि दोन तुकडे एकजीव होतात. वितळलेल्या धातूला हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन लागला तर जोडात बुडबुडे राहतात आणि तो ठिसूळ होतो. हवेपासून हा बचाव कसा केला जातो, यावरून पद्धत ठरते.

रॉडच्या वेल्डिंगमध्ये रॉडवरचा लेप जळून वायूचे आवरण तयार होते आणि जोडावर स्लॅगचा थर बसतो. मिगमध्ये टॉर्चमधून बारीक वायर आपोआप पुढे येते आणि सिलिंडरमधला वायू जोड झाकतो. गॅसशिवायच्या मिगमध्ये तेच काम पोकळ वायरच्या पोटातली पावडर करते. टिगमध्ये न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकावर आर्क पेटतो, भोवती आर्गॉन वायू असतो आणि भरणीची तार दुसऱ्या हाताने द्यावी लागते.

पहिले मशीन म्हणून रॉडचेच का सुचवले जाते?

खर्च कमी आणि सामान सगळीकडे मिळते, हे पहिले कारण. तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानातही ६०१३ प्रकारचे रॉड असतात. सिलिंडर भरून आणण्याची कटकट नाही. वाऱ्याचा त्रास इतर पद्धतींपेक्षा कमी होतो, त्यामुळे अंगणात किंवा शेतावर काम करता येते. किंचित गंज असलेले लोखंडही चालून जाते, अर्थात ग्राइंडर फिरवून घेतलेला जोड केव्हाही चांगला.

घरच्या कामाला २.५ मिमीचा रॉड पुरतो. त्याला साधारण ६० ते ९० अँपिअर लागतात. २ ते ५ मिमी जाडीचे अँगल, पट्ट्या आणि चौकोनी पाइप त्याने नीट जोडले जातात. पावसाळ्यात मात्र रॉडचा लेप ओल धरतो, मग आर्क फडफडतो आणि जोडात छिद्रे पडतात. उघडलेले पाकीट हवाबंद डब्यात ठेवणे हा साधा उपाय आहे.

मर्यादाही स्पष्ट आहेत. १.२ मिमीच्या पातळ पाइपवर नवख्याच्या हातून रॉडने भोक पडते. प्रत्येक जोडानंतर स्लॅग ठोकून काढावा लागतो. तो आत अडकला तर वरून गुळगुळीत दिसणारा जोडही आतून कच्चा असतो.

मिग केव्हा घ्यावे?

काम पातळ पत्र्याचे किंवा पातळ पाइपचे असेल आणि आडोशाला होणार असेल तेव्हा. ०.८ मिमीची वायर असली की १ ते ३ मिमी जाडीचे काम सफाईने होते. वायर आपोआप येत असल्याने नवख्याला हात बसवणे सोपे जाते आणि स्लॅग काढावा लागत नाही.

पण हीच सहजता फसवीही आहे. मशीनची उष्णता कमी ठेवली तर वायर वितळून वर सुंदर रेघ उमटते, खालचा धातू मात्र पुरेसा वितळलेलाच नसतो. असा जोड हातोडीच्या एका फटक्यात सुटू शकतो. म्हणून आधी त्याच जाडीच्या भंगार तुकड्यावर जोड मारावा, तो पकडीत धरून वाकवावा आणि मगच खऱ्या कामाला हात घालावा.

दुसरी अडचण वायूची. कार्बन डायऑक्साइड किंवा आर्गॉनमिश्रित वायूचा सिलिंडर, रेग्युलेटर, सिलिंडरची अनामत आणि भरणा हा खर्च मशीनच्या किमतीत धरलेला नसतो. उघड्यावर जरा वारा सुटला की वायू उडून जातो आणि जोडात छिद्रांची जाळी दिसते.

गॅसशिवायचे मिग हा मधला मार्ग आहे का?

काही प्रमाणात. सिलिंडर लागत नाही आणि उघड्यावरही काम होते. मात्र धूर आणि शिंतोडे जास्त उडतात, वायर महाग पडते आणि स्लॅगही काढावा लागतो. यात एक चूक वारंवार होते. या वायरला टॉर्च सहसा ऋण टोकाला जोडावी लागते, तर गॅसच्या मिगमध्ये ती धन टोकाला असते. मशीन आतून गॅससाठी जोडलेले असेल आणि अदलाबदल केली नाही, तर शिंतोडे वाढतात, जोड बिघडतो आणि दोष मशीनला दिला जातो.

टिग कुणासाठी?

स्टेनलेस स्टील, पातळ नळ्या, दिसायला देखणा जोड हवा असलेले फर्निचर यांसाठी. यात वेग कमी, धातू अगदी स्वच्छ हवा आणि दोन्ही हातांना सराव लागतो. शुद्ध आर्गॉनचा सिलिंडरही लागतो.

खरेदी करताना फसगत होते ती ॲल्युमिनियमच्या बाबतीत. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांच्याही पुढे. तो थर फोडण्यासाठी एसी प्रवाह देणारे टिग मशीन लागते. बाजारातली स्वस्त टिग मशीन बहुधा फक्त डीसी असतात. त्यांवर लोखंड आणि स्टेनलेस स्टील होते, ॲल्युमिनियमची शिडी नाही.

घरच्या सॉकेटला किती झेपते?

एक ढोबळ हिशेब करता येतो. ८० अँपिअरवर रॉड चालवताना आर्कचा दाब सुमारे २३ व्होल्ट असतो, म्हणजे सुमारे १८५० वॉट. मशीनमधील तूट आणि साध्या इन्व्हर्टर मशीनचा कमी पॉवर फॅक्टर धरला तर २३० व्होल्टच्या लाइनमधून सुमारे १५ अँपिअर ओढले जातात. म्हणजे १६ अँपिअरचे सॉकेट इथेच जवळपास संपते. १२० अँपिअर लावले तर हाच आकडा २३ च्या आसपास जातो.

त्यामुळे २.५ मिमीचा रॉड गिझरच्या सॉकेटवर कसाबसा चालतो, त्यापुढच्या कामाला मीटरच्या बोर्डापासून जाड तारेची स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र एमसीबी हवा. वीजबिलावर छापलेला मंजूर भारही पाहून घ्यावा. गुंडाळलेल्या स्थितीतली बारीक एक्स्टेन्शन वायर तापून वितळू शकते. ती पूर्ण उलगडूनच वापरावी.

मशीनवरचा ‘२००’ खरा असतो का?

त्या आकड्याशेजारी ड्युटी सायकल लिहिले आहे का, ते पाहावे. ते दहा मिनिटांच्या हिशेबात मोजतात. २०० अँपिअरला ६० टक्के म्हणजे सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विश्रांती. २० टक्के असेल तर दोनच मिनिटे काम. ड्युटी सायकल छापलेलेच नसेल, तर मोठ्या आकड्यावर विसंबू नये.

सर्वांत मोठे धोके कोणते?

पहिला धोका जीआय पाइपचा. या पाइपवरचे जस्त ९०७ अंशांना उकळते, लोखंड वितळायला सुमारे १५०० अंश लागतात. म्हणजे जोड होण्याआधीच जस्ताचा पांढरा धूर सुटतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी, ताप, अंगदुखी सुरू होते आणि तोंडाला धातूची चव येते. बहुतेकदा एक-दोन दिवसांत हे उतरते, पण दम लागत असेल तर डॉक्टरकडे जायलाच हवे. गूळ खाल्ला की धूर बाधत नाही, हा समज वर्कशॉपमध्ये सर्रास ऐकू येतो. त्यावर भिस्त ठेवू नये. जोडाच्या दोन्ही बाजूंचे जस्त आधी काढावे, काम मोकळ्या हवेत करावे आणि तोंडाला रुमालाऐवजी किमान एन९५ दर्जाचा मास्क लावावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या गटात टाकला आहे, तेव्हा धूर कुठल्याही वेल्डिंगचा असला तरी टाळलेलाच बरा.

दुसरा धोका डोळ्यांचा. आर्कच्या अतिनील किरणांचा त्रास लगेच जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. साधा गॉगल उपयोगाचा नाही. रॉड किंवा मिगसाठी १० किंवा ११ क्रमांकाची काच हवी. शेजारी उभ्या मुलांनाही हा त्रास होतो, हे विसरू नये.

तिसरा धोका बंद डबे आणि टाक्यांचा. डिझेल, पेट्रोल, थिनरचा पिंप धुऊन वाळवला तरी आत वाफ उरते आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. असे काम घरी करूच नये. ब्रेक धुण्याच्या क्लोरीनयुक्त द्रवाने पुसलेल्या भागावर वेल्डिंग केल्यास विषारी फॉस्जीन वायू तयार होऊ शकतो, तेही लक्षात ठेवावे.

पावसाळ्यात ओल्या फरशीवर, ओल्या हातमोज्यांनी रॉड बदलताना झटका बसू शकतो. घरचा ईएलसीबी रॉडकडच्या बाजूचे रक्षण करत नाही. कोरडे मोजे, रबरी तळाचे बूट आणि पायाखाली कोरडी फळी हवीच.

मग निवड कशी करावी?

अँगल, पट्टी, २ मिमीपेक्षा जाड पाइप आणि उघड्यावरचे काम असेल तर रॉडचे इन्व्हर्टर मशीन घ्यावे. आडोशाची जागा आणि सतत पातळ पाइप किंवा पत्रा असेल तर गॅसचे मिग. पातळ काम अधूनमधून आणि उघड्यावर असेल तर गॅसशिवायचे मिग. स्टेनलेस स्टीलची हौस आणि शिकायची तयारी असेल तर टिग. वर्षातून दोनच जोड मारायचे असतील, तर ते फॅब्रिकेशनच्या दुकानातून करून घेणे स्वस्त पडते.

मात्र झोपाळ्याचा हूक, जिना, गच्चीचा कठडा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची कडी आणि वाहनाची चेसिस ही कामे कोणतेही मशीन घेतले तरी नवख्याने करू नयेत. आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो. ज्या जोडावर माणसाचा भार पडणार आहे, तो तेवढा हात बसलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावा.