शितावरून भाताची परीक्षा : पीक कापणी प्रयोगातील नमुन्याची निवड

भात शिजला की नाही हे गृहिणी एका शितावरून ओळखते. तिची परीक्षा सहसा चुकत नाही, कारण भांड्यातील सर्व तांदूळ एकाच प्रतीचा असतो व त्यास आच आणि पाणीही सारखेच मिळालेले असते. शेताची गोष्ट तशी नाही. एकाच सर्व्हे नंबरात विहिरीकडील तुकडा काळा व भारी, तर माळाकडील मुरमाड असतो. बांधालगत झाडाची सावली पडते. सखल भागात पाणी साचते. अशा शेतातील ‘शीत’ कोठून उचलावे, या प्रश्नाच्या उत्तरावर पीक कापणी प्रयोगाचे यश अवलंबून असते.

गावातील प्रत्येक शेत कापून तोलणे अशक्य आहे. म्हणून पूर्वी पिकाची आणेवारी बहुधा नजर अंदाजाने ठरे. परंतु नजर कितीही अनुभवी असली, तरी तिची चूक किती हे मोजता येत नाही. आज निवडक भूखंडांच्या कापणीवरून महसूल मंडळाचे सरासरी उत्पन्न काढतात व पीकविम्याची भरपाई ठरविताना त्याच आकड्याचा आधार घेतात. तेव्हा नमुना चुकला, तर ज्याच्या शेतात प्रयोग झालाच नाही त्या शेतकऱ्याचेही नुकसान होते.

निवडीच्या पद्धती : गुण व दोष

(१) सोयीची निवड : सडकेलगतचे किंवा ओळखीच्या माणसाचे शेत घेणे. यात श्रम वाचतात. पण सडकेलगतची शेते म्हणजे सारा गाव नव्हे.

(२) जाणत्याची निवड : ‘मध्यम प्रतीचे’ शेत अनुभवाने ठरविणे. पद्धत समजूतदारपणाची वाटते. परंतु मध्यम कोणते याविषयी दोन जाणत्यांचे एकमत होत नाही.

(३) यादृच्छिक निवड : पिकाखालील सर्व सर्व्हे नंबरांची यादी करून चिठ्ठ्यांप्रमाणे किंवा यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून नंबर काढणे. येथे प्रत्येक शेतास सारखी संधी मिळते व चुकीचा संभाव्य आकारही गणिताने सांगता येतो. दोष इतकाच की, यादी अपुरी असेल तर निवडही अपुरी राहते, आणि प्रसंगी दूरचे शेत निघाल्यास तेथवर जावे लागते.

(४) क्रमवार निवड : यादीतील पहिला नंबर चिठ्ठीने काढून पुढे दर दहावा घेणे. काम सोपे होते. मात्र यादीच्या क्रमातच काही ठरावीक आवर्तन असेल, तर फसगत होते.

(५) स्तरवार निवड : बागायत व जिरायत असे गट प्रथम पाडून प्रत्येकातून यादृच्छिक निवड करणे. गट खरोखर भिन्न असतील, तर तेवढ्याच प्रयोगांत अंदाज अधिक नेमका येतो. परंतु सरासरी काढताना प्रत्येक गटाच्या क्षेत्राचे प्रमाण लक्षात घेतलेच पाहिजे.

(६) टप्प्याटप्प्याची निवड : आधी गावे, मग शेते, मग शेतातील भूखंड. यात प्रवास व खर्च वाचतो. पण एकाच गावातील शेते एकमेकांसारखी असल्याने थोड्याच गावांत पुष्कळ प्रयोग केल्याचा लाभ कमी होतो. आपल्या पीक कापणी प्रयोगांत ही पद्धत स्तरवार निवडीच्या जोडीने वापरतात.

दोन प्रकारच्या चुका

पहिली चूक योगायोगाची. एक भूखंड दाट पिकात पडतो, दुसरा विरळ पिकात. प्रयोग वाढविले की ही चूक घटते. तथापि ती निम्मी करावयाची तर प्रयोग चौपट करावे लागतात. दुसरी चूक कलाची, म्हणजे प्रत्येक वेळी एकाच बाजूस झुकणारी. ही चूक प्रयोग कितीही वाढविले तरी घटत नाही.

एक हिशेब पाहू. समजा, भूखंड १० मीटर लांब व ५ मीटर रुंद आहे. त्याचे क्षेत्र ५० चौरस मीटर, म्हणजे हेक्टरचा २०० वा भाग. भूखंडात एक किलो धान्य जादा धरले गेले, की हेक्टरी उत्पन्न दोन क्विंटलांनी फुगते. दहा प्रयोगांपैकी एकातच अशी चूक झाली, तर मंडळाच्या सरासरीत हेक्टरी २० किलोंचा फरक पडेल. पण दहाही ठिकाणी भूखंड ‘जरा बऱ्या’ जागी सरकविला, तर पूर्ण दोन क्विंटलांचा फरक पडेल आणि भरपाईस पात्र असलेले मंडळ अपात्र ठरू शकेल.

भूखंडाच्या आकाराचाही असाच परिणाम होतो. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९४० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, फार लहान भूखंडांवरून काढलेले उत्पन्न वास्तवापेक्षा जास्त भरते. कारण कडेवरची झाडे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो. एक मीटर लांबी-रुंदीच्या भूखंडात दर चौरस मीटरमागे ४ मीटर कड येते. १० × ५ मीटरच्या भूखंडात ती अवघी ०.६ मीटर असते.

प्रत्यक्ष कामात घ्यावयाची दक्षता

शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून मापन सुरू करावे. समजा, शेत ८० मीटर लांब व ४५ मीटर रुंद आहे. त्यातून भूखंडाची मापे वजा केली असता ७० व ४० उरतात. या मर्यादेतील दोन यादृच्छिक अंक, उदाहरणार्थ २३ व ३१, घेऊन लांबीने २३ व रुंदीने ३१ मीटर जावे. तेथे पहिली खुंटी ठोकावी. दोरी ताणून काटकोन तपासावा. कडेवरच्या झाडांपैकी ज्यांचे बूड दोरीच्या आत आहे तीच कापावीत. वजन सर्वांसमक्ष करून तेथेच नोंदवावे.

खुंटी विरळ जागी पडली, की “येथे पीक बरे नाही, पलीकडे घ्या” असे कोणी म्हणते. दुष्काळी सालात याच्या उलट आग्रह होतो. दोन्ही वेळी नम्रपणे नकार द्यावा. विरळ जागा हाही शेताचाच भाग आहे, आणि दाट जागाही. शेतकरी बंधूंनीही प्रयोगाच्या वेळी हजर राहून अंक कोणते निघाले व खुंटी कोठे बसली हे पाहावे. तो त्यांचा केवळ हक्क नव्हे, तर गावाच्या हिताचे काम आहे. अंकाने दाखविलेल्या जागेवरून खुंटी न हलविणे, एवढा एक नियम पाळला, तरी थोड्या शितांवरून साऱ्या भाताची परीक्षा विश्वासाने करता येईल.